कीड गडगा मानत नाही

प्रति,
राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावांचे आंबा, काजू आणि नारळ बागायतदार,
तसंच आमच्या बागा कराराने घेणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

पाऊस माघारी निघालाय, भातं कापणीला आलीत आणि कलमांवर तांबूस पालवी दिसायला लागली आहे. पंधरा दिवसांत पंप बाहेर निघतील, टाक्या धुतल्या जातील, औषधांची यादी दुकानात जाईल. त्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहिते आहे.

माझं म्हणणं एकच आहे. आपण सगळे आपापल्या दगडी गडग्याच्या आत कीड मारत बसतो. गडगा गुरांना अडवतो, माणसालाही बऱ्यापैकी अडवतो, पण फळमाशीला तो दिसतसुद्धा नाही. माझ्या बागेत कुजत पडलेल्या आंब्यातून उठलेली माशी तुमच्या फळात अंडी घालते. तुमच्या फवाऱ्याखाली मेलेले, कीड खाणारे ढालकिडे माझ्याही कलमांची राखण करत होते. वणवा आला की आपण कुणाची बाग ते विचारत नाही, सगळी वाडी झावळ्या घेऊन धावते. किडीचं तसंच आहे. ते एका बागेचं काम नाही, वाडीचं काम आहे.

हे कळायला मला बरीच वर्षं लागली. सासऱ्यांनी लावलेली आमची १४० कलमं अकरा वर्षं कराराने दिलेली होती. करार घेणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने आगाऊ पैसे मोजलेले असतात, ते त्याच हंगामात वसूल व्हायला हवेत, आणि पुढच्या वर्षी बाग त्याच्याकडे असेलच असं नाही. अशा माणसाने थांबून, मोजून, किडीचा अंदाज घेऊन मग पंप उचलावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो तारखेवर फवारणार. बाग परत घेतली तेव्हा पहिल्या वर्षी मीही तेच केलं. सात फवारण्या झाल्या. तरी मोहोराला हात लावला की तुडतुडे तोंडावर उडत होते. बारीक फळांची साल फुलकिड्यांनी खरवडून खरखरीत करून टाकली होती. पानांवर चिकट थर आणि त्याच्यावर काजळी.

मग कारण शोधायला लागले. तुडतुड्याची मादी अंडी मोहोराच्या दांड्यात, देठाच्या आत रोवते. वरून पडणारं औषध तिथे नीट पोचत नाही. उघड्यावर फिरणारे मात्र सगळे मरतात, आणि उघड्यावर फिरणाऱ्यांत तुडतुड्यांबरोबर त्यांना खाणारेही असतात: कोळी, ढालकिडे, क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्या. चार-सहा दिवसांनी अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं झाडावर कुणी शिल्लक नसतं. पुढची फवारणी त्या पिल्लांसाठी, मग पुन्हा पुढची. त्यात एकाच गटातलं औषध फिरून फिरून मारलं की जगून राहतात ते त्या औषधाला दाद न देणारे, आणि पुढची पिढी त्यांचीच. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांबाबत हा अनुभव जगभर नोंदलेला आहे. सकाळी फवारलं की दुपारी सगळं मेलेलं दिसतं, म्हणून ती आपल्याला आवडतात. महिन्याने कीड दुप्पट का झाली, हे मग आपण हवेवर ढकलतो.

भातात हेच एका अख्ख्या देशाने भोगलं. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी लाखो एकर भात जाळून टाकलं, आणि जिथे फवारणी जास्त तिथे तुडतुडे जास्त, असं तिथल्या शास्त्रज्ञांना दिसलं. कोळी मेले होते. १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर एका आदेशाने बंदी घातली. पुढे गावोगाव शेतकऱ्यांच्या शेतावरच शाळा भरल्या. त्यांत बायका-पुरुष आठवड्याला एकदा बांधावर बसून चुडात किती तुडतुडे आणि किती कोळी आहेत ते मोजायचे, कागदावर चित्र काढायचे आणि फवारायचं की नाही ते आपसांत ठरवायचे. भात बुडालं नाही. मला त्या बंदीपेक्षा बांधावरचं ते मोजणं जास्त मोलाचं वाटतं.

दुसऱ्या वर्षापासून मी मोजायला लागले. बागेतली दहा कलमं ठरवून घेतली. दर आठवड्याला प्रत्येकाच्या चार बाजूंचे चार मोहोर हलकेच पिशवीत घालून झटकायचे, तुडतुडे मोजायचे, कोळी मोजायचे, वहीत लिहायचं. एका मोहोरावर पाच ते दहा तुडतुडे, ही फवारणीचा विचार करायची पातळी म्हणून सांगितली जाते. त्याच्या खाली आकडा असेल तर पंपाला हात लावायचा नाही. वर गेला तरी आधी बघायचं, कोळी किती आहेत, थंडी आहे की मळभ. मोहोर पूर्ण फुललेला असेल तेव्हा तर नाहीच, कारण आंब्याची फळधारणा माश्या आणि मधमाश्यांच्या जिवावर होते. सातच्या तीन फवारण्या झाल्या. हेही सांगते की त्या वर्षी खालच्या अंगाच्या सतरा-अठरा कलमांचा मोहोर भुरीने गेला. तुडतुड्यांकडे बघता बघता बुरशीकडे बघायचं राहिलं होतं. म्हणून कुणी मला “औषध बंद करा म्हणणारी बाई” म्हणू नये. गरज पडली तर मीही फवारते. पण मोजल्याशिवाय नाही.

पावसाळ्यानंतर मोहोराच्या आधीचा हा जो काळ चालू आहे, तो आपण फुकट घालवतो. मोहोर नसतो तेव्हा तुडतुडे खोडाच्या सालीच्या भेगांत, दाट फांद्यांच्या सावलीत दबून बसलेले असतात. कलमांच्या मधल्या गर्दीच्या फांद्या काढल्या, ऊन आत पोचलं, की त्यांची ती बसायची जागाच जाते. बिव्हेरिया आणि मेटारायझियम या बुरश्या किड्याच्या अंगावर रुजून त्याला आतून खातात. त्यांना दमट हवा लागते, आणि आपल्याकडची दमट हवा आत्ताच आहे. जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात मोहोरावर त्या मारून “काही उपयोग नाही” म्हणणं बरोबर नाही. आणखी एक चूक मी स्वतः केली आहे. भुरीचं बुरशीनाशक आणि ही बुरशी एकाच टाकीत घातली. बुरशीनाशक बुरशी मारणारच, मग ती आपल्या कामाची का असेना. दोन्हींमध्ये पुरेसे दिवस जाऊ द्या.

आता फळमाशी. पत्र लिहायला बसले ते मुळात तिच्यासाठीच.

२०१३ साली युरोपात गेलेल्या भारतीय फळभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, आणि मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपल्या आंब्याला दार बंद केलं. ते उघडलं जानेवारी २०१५ मध्ये. मधला हंगाम कसा गेला ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. तेव्हापासून युरोपात जाणारा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवावा लागतो, नाहीतर गरम वाफेतून काढावा लागतो. म्हणजे बागेत जी माशी रोखली नाही, ती आपण कारखान्यात उकडून काढतो. वाशीला जाणाऱ्या पेटीला तर तेही नाही. गिऱ्हाईक आंबा कापतं आणि आत वळवळ दिसली की पुढच्या वर्षी कोकणचा आंबा मागत नाही.

माशीचं चक्र ध्यानात घ्या. मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ गळतं, अळ्या त्यातून निघून बोटभर मातीत शिरतात, तिथे कोष करतात, आणि काही दिवसांनी नवी माशी उठते. आपण काय करतो? गळलेलं फळ तिथेच ठेवतो. पेटीत जाणार नाही म्हणून उचलायची मजुरी कोण देणार! आणि रायवळ? पाणंदीवरचे, देवराईतले, कुणाच्याच मालकीचे नसलेले रायवळ आंबे मे महिन्यात सडा पडून सडतात. त्यातल्या एकेका झाडाखालून अख्ख्या वाडीला पुरेल एवढी माशी उठते. शिवाय परसातले पेरू आणि चिकू आहेतच. आंबा संपला की ती तिकडे जाते, आणि पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा बऱ्याच जणांकडे आहे. त्यातल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाने नर ओढले जातात आणि मरतात. काळ्या तुळशीतही हेच द्रव्य असतं. पण सापळ्यात मरतात ते फक्त नर. माझ्या बागेत चार सापळे आणि तुमच्या बागेत एकही नाही, तर तुमच्याकडे मिलन झालेली मादी माझ्या आंब्यावर येऊन बसते. सापळा भरलेला दिसतो, मला बरं वाटतं, आणि आंबा किडतो. मग आपण म्हणतो, सापळ्यात काही राम नाही. प्रशांत महासागरात मारियाना बेटांपैकी रोटा नावाचं बेट आहे. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याच मिथाईल युजेनॉलमध्ये कीटकनाशक मिसळून भिजवलेले तुकडे सबंध बेटावर टाकले आणि ही फळमाशी तिथून नाहीशी केली. रोटाला चहूबाजूंनी समुद्र होता, बाहेरून मादी यायला वाव नव्हता. आपल्याला समुद्र एकाच बाजूला आहे. उरलेल्या तीन बाजू आपल्याला एकमेकांच्या सोबतीने बांधून घ्याव्या लागतील.

म्हणून माझी पहिली मागणी ही की यंदा फळं अंड्याएवढी व्हायच्या सुमारास सगळ्या वाड्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावावेत. हेक्टरी चार. ज्याला परवडत नाही त्याचे सोसायटीने लावावेत, कारण ती त्याच्यावर मेहेरबानी नाही, शेजाऱ्याच्या आंब्याचा विमा आहे. गळलेली फळं दर दोन दिवसांनी उचलून दोन-तीन फूट खोल खड्ड्यात गाडायची, किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात टाकायची. पाणंदीवरच्या रायवळांची वाटणी करून घ्यायची, कोणत्या घराने कोणतं झाड. आंबा चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार, झाला की उतरवायचा, झाडावर पिकायची वाट बघायची नाही. ज्यांच्याकडे थोडीच कलमं आहेत त्यांनी फळांना कागदी पिशव्या घालून बघाव्यात. डाग जातात आणि माशीही बसत नाही.

नारळाचंही असंच आहे, फक्त तिथे कीड वाढते ती आपल्याच गायरीत, शेणखताच्या खड्ड्यात. गेंड्या भुंगा माडाच्या गाभ्यात शिरून कोवळी सुई कुरतडतो, आणि ती झावळ उघडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते. त्याच जखमेतून पुढे सोंड्या भुंगा आत जातो, आणि तो आत गेला की माड बहुधा हातचा गेला. गेंड्याच्या पांढऱ्या, गुंडाळी झालेल्या अळ्या शेणाच्या ढिगात आणि कुजलेल्या माडाच्या ओंडक्यात वाढतात. गायरी उपसताना सापडल्या तर कोंबड्यांना घाला. राहिलेल्या ढिगात मेटारायझियम मिसळा. वादळात पडलेले ओंडके सडत ठेवू नका. सामोआ बेटांवर याच भुंग्याने माड उजाड केले होते. मलेशियात याच भुंग्यावर सापडलेला एक विषाणू १९६७ मध्ये सामोआत सोडला आणि भुंग्यांचा जोर ओसरला. आपल्या लक्षद्वीपमध्येही तो पुढे वापरला गेला. ते शास्त्रज्ञांचं काम. गायरी उपसणं आपलं. वाडीत तीस गायरी असतील आणि एकोणतीस साफ केल्या, तर तिसाव्या गायरीतून माडांना पुरेसे भुंगे निघतात.

आणि कधी कधी काहीच न करणं हेच करायचं असतं. हे आपल्याला सर्वांत जड जातं. माडाच्या पानाखाली पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी करणारी चक्राकार पांढरी माशी भारतात पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला दिसली. ती मूळची मध्य अमेरिकेकडची. आमच्या माडांखालच्या केळी, मिरवेली, अगदी अंगणातली तुळससुद्धा तिच्या काजळीने काळी झाली, तेव्हा मलाही वाटलं, आता फवारावंच लागणार. पण हिच्याबरोबर हिचा शत्रूही आला आहे. एन्कार्सिया नावाची टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी हिच्या पिल्लांच्या अंगात अंडी घालते. भिंगातून कोष बघा. पांढरी माशी बाहेर पडली असेल तर कोषाला फाट पडलेली असते, गांधीलमाशी बाहेर पडली असेल तर अगदी गोल भोक असतं. गोल भोकं दिसायला लागली की ते पान तोडू नका, फवारू तर मुळीच नका. जोरात पाणी मारून काजळी धुवा आणि धीर धरा. शास्त्रज्ञांनीही इथे रासायनिक कीटकनाशक नको असंच बजावलं आहे. २०१० मध्ये पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी पोर्टो रिकोहून अशीच एक गांधीलमाशी आणून सोडली होती, आणि फवारण्यांना दाद न देणारा पिठ्या ढेकूण तिने आवरला.

काजूच्या बागांत ओंबील असतात, कुणी त्यांना हुमले म्हणतं. चावतात म्हणून आपण त्यांची घरटी जाळतो, औषध मारतो. या मुंग्या काजूच्या कोवळ्या फुटीचा रस शोषणाऱ्या ढेकण्या किडीला फिरकू देत नाहीत. चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुरुवातीला शेतकरी यांची घरटी बाजारातून विकत आणून संत्र्याच्या झाडांना बांधत, अशी नोंद आहे. या मुंग्या पिठ्या ढेकूणही पाळतात, हे खरं, त्यामुळे सगळीकडे मोकळं रान द्या असं मी म्हणणार नाही. पण जिथे ओंबील आहेत आणि ढेकण्या नाही, तिथे घरटं जाळण्यात आपलंच नुकसान आहे. काजूतल्या याच ढेकण्यासाठी आपल्याच किनाऱ्यावर, खाली कासरगोडला, सरकारी लागवडीवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं. तिथल्या मुलांचे हाल साऱ्या देशाने बघितले. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये. ढेकण्या अजून आहे.

भाताबद्दल थोडंच. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडले की खोडकिड्याची अंडीही त्यांच्याबरोबर जातात, हे आपल्या आज्या करतच होत्या. बारीक मित्र गांधीलमाश्या ज्यांतून निघतात त्या ट्रायकोकार्डांचा उपयोग होतो, पण ती वेळेवर हवीत. दोन वर्षांपूर्वी मला मिळालेली कार्डं उघडली तेव्हा अंडी फुटून गांधीलमाश्या पाकिटातच मरून पडल्या होत्या. ज्यांच्याकडून ती आली त्यांना मी तेव्हाच सांगितलं. युरियाची गोण आठवडाभर पडून राहिली तरी चालते, जिवंत माल राहत नाही. मित्रकीटक वाटायचे असतील तर ते शेतकऱ्याच्या तारखेने आले पाहिजेत, वाटपाच्या कार्यक्रमाच्या तारखेने नाही.

करार घेणाऱ्या भावांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. एक-एक हंगामाचा करार आपल्या दोघांनाही महाग पडतो आहे. यंदापासून आमच्यापैकी काही जण तीन वर्षांचा करार करायला तयार आहेत, आणि भावात थोडं मागे यायलाही. बदल्यात कागदावर तीन ओळी हव्यात. कोणतं औषध, कधी आणि कशासाठी मारलं ते बागेतल्या वहीत लिहायचं. गळीचं फळ उचलायचं. मोजणी करणाऱ्या मुलीला बागेत येऊ द्यायचं. मुलगी म्हणते आहे, कारण आमच्या वाडीत बारावी झालेल्या दोघी हे काम करायला तयार आहेत आणि गेल्या हंगामात माझ्या बागेत त्यांनी ते उत्तम केलं. त्यांना महिन्याचे पैसे सोसायटीने द्यावेत, एवढाच खर्च आहे. एका फवारणीचं औषध, पेट्रोल आणि मजुरी यांचा हिशोब मांडा आणि बघा, परवडतं की नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला देवळाच्या सभामंडपात बसूया. येताना प्रत्येकाने तीन गोष्टी लिहून आणा: आपल्या गायरी किती, आपल्या हद्दीला लागून रायवळ झाडं किती, आणि गेल्या हंगामात फवारण्या किती केल्या. ज्यांच्या माडांवर पांढरी माशी आहे त्यांनी बघण्यापुरत्या पानाच्या एक-दोन पात्याच पिशवीत घालून आणा. भिंगं माझ्याकडे दोन आहेत, ती मी घेऊन येते.

तुमची,
खाडीकाठची एक बागायतदार